उद्घाटनाचा पीळ

लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींत माणसाचे सगळे व्यवहार मावतात, असे विज्ञान सांगते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र या तिन्ही घरकामातच संपतात. तिला स्वतःचे काही करायचे असेल तर चौथी लागते.

भोकरदनच्या बेबीनंदाला ती २००४ साली सापडली. नवऱ्याने लेकीच्या भवितव्यासाठी घरी संगणक आणला (लेक तेव्हा रांगत होती) आणि बेबीनंदाच्या भावाने पुण्याहून धाडलेल्या सीडीतून त्यावर चार मितींचा घन उतरला. साधा रंगीत घन हातात धरून फिरवता येतो. हा फक्त पडद्यावर असतो. सहा बाजूंऐवजी त्याला आठ कप्पे, प्रत्येक कप्पा स्वतःच एक घन, आणि त्यातले सातच दिसतात. आठवा आहे असे धरून चालायचे. बी.एस्सी. झालेल्या बेबीनंदाला हे जड गेले नाही. (सासू दुसऱ्या खोलीत असली तरी असतेच.) माउसने एक कप्पा पिळला की शेजारच्या कप्प्यांचे रंग विस्कटतात. विस्कटलेले सगळे जागच्या जागी आणायचे, तेही जल्दी, कारण लेक गुड्डी उठते.

म्हणून वेळ ती झोपांत मोजू लागली. तिचा विक्रम होता पाऊण झोप.

सासूबाई द्वारकाबाईंना यात काही राम दिसेना. "लेकरू निजलं की तू आपली त्या डब्याला चिटकून राह्यली. त्यानं मिळतं काय? एखादं सर्टिफिकीट आण, मंग रोज दुपारी एक घंटा मी सांभाळते गुड्डीला. न्हाई आणलं तर डब्यावर पोतं टाकायचं."

रोजचा एक घंटा! बेबीनंदाला माहेराहूनसुद्धा एवढे कुणी दिले नव्हते.

गावात संगणकाचा क्लास चालवणाऱ्या पुंजाराम सरांनी ही गरज ओळखून तातडीने 'चतुर्मिती घन विकास मंडळ' स्थापन केले. (आधी मंडळ, मागून सभासद, हीच रास्त पद्धत होय.) मंडळाच्या सर्वेक्षणानुसार तालुक्यातील नव्व्याण्णव टक्के लोकांनी चौथी मिती पाहिलेली नव्हती, उरलेला एक टक्का सर्वेक्षणाच्या वेळी घरी नव्हता. एवढ्या भक्कम पायावर पहिली स्पर्धा जाहीर झाली. स्पर्धक दोन: बेबीनंदा आणि सरांचे मेव्हणे वामनराव.

कुणाचे घड्याळ बरोबर यावर कार्यकारिणीत एकमत न झाल्याने झोप हेच अधिकृत परिमाण ठरले. गुड्डीची अधिकृत घड्याळ म्हणून नेमणूक झाली. द्वारकाबाई घड्याळधारक, त्यांना व्यासपीठावर गादीची खुर्ची. घड्याळ रडताच स्पर्धा संपेल, आणि टाळ्या हाताला हात न लावता वाजवाव्यात, असा फलक लावण्यात आला.

प्रमुख पाहुणे गिरिधरराव साहेब यांच्या शुभहस्ते, म्हणजे एका बोटाने, कोऱ्या घनाला पहिला पीळ घालण्यात आला. पिवळ्या कप्प्यात लाल थर सरकला. फोटो निघाला. मग सरांनी तोच घन दोन्ही संगणकांवर भरपूर विस्कटून दिला आणि गुड्डीने डोळे मिटले.

अर्धी झोपही झाली नव्हती, तोच बेबीनंदाने माउसवरचा हात काढला. आठही कप्पे एकरंगी. जो दिसत नव्हता, तोसुद्धा.

सर चष्मा पुसून खाली वाकले. "ताई, साहेबांचा पीळ कुठाय?"

"सुटला की, सर."

"सुटला म्हणजे? कुणी सोडला?"

"मीच. त्याच्याबिगर घन कसा सुटंल?"

"अहो, साहेबांच्या हस्ते झाल्ता तो! फोटो काढून बसलोत आपण!"

साहेब मोठ्या मनाचे. "राहू द्या, राहू द्या," म्हणत त्यांनी रुमालाने मान पुसली. त्यावरून काहीही राहू देता येणार नाही, हे सर्वांना कळले.

कार्यकारिणीची बैठक उभ्याउभ्याच झाली. इमारत पुरी झाली म्हणून कोनशिला कुणी उपटून टाकत नाही, हा मुद्दा बिनतोड होता. सबब, उद्घाटनाचा पीळ शाबूत असलेला घन तोच सुटलेला घन, असे ठरले. ताईंनी पीळ पूर्ववत करावा. न केल्यास पहिला क्रमांक वामनरावांना. वामनरावांना माउसचे कोणते बटण दाबायचे हे शेवटपर्यंत उमगले नव्हते, त्यामुळे साहेबांच्या कामाला त्यांचे बोटही लागले नव्हते.

दुपट्यातून एक मूठ बाहेर आली.

बेबीनंदा पडद्याकडे बघत राहिली. गुड्डी झाल्यापासून तिच्या हातचे एकही काम तडीस गेले नव्हते. चहा अर्धा, वेणी अर्धी, पत्र 'तीर्थरूप बाबांस' पर्यंत. हे एवढे एकच पुरे झाले होते.

"नंदे," द्वारकाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "टाक की बाई तो पीळ घालून. पोरगी चुळबूळ करून राह्यली."

"घंट्याचं बराबर ना, आत्याबाई?"

"बिलकुल. रोजच्या रोज. पर हात चालव."

बेबीनंदाने बटण दाबले. पिवळ्यात लाल थर सरकला, साहेबांची मान कोरडी झाली, सभागृहाने हाताला हात न लावता कडकडाट केला आणि गुड्डीने भोकाड पसरले.

सर्टिफिकीट मिळाले. पुढल्या वर्षीच्या पाहुण्यांचा पीळही असाच राखावा, जुन्यासकट, असा ठरावही झाला. काही वर्षांत सुटलेला घन आणि न सुटलेला घन यांत फरक उरणार नाही. वामनराव त्या दिवसाची तयारी करत आहेत. द्वारकाबाई शब्दाला जागल्या. दुपारी एक घंटा गुड्डी त्यांच्यापाशी असते आणि आतल्या खोलीत आठही कप्पे रोज, साहेबांच्या माघारी, एकरंगी होतात.

बेबीनंदाने ठाम राहायला हवे होते, तो पीळ मरून गेली तरी घालायला नको होता, असे काही वाचकांचे मत पडेल. मंडळाला या मताचा आदर आहे. त्यांनी ते लेखी कळवावे. सोबत फक्त एवढे नमूद करावे, की ही गोष्ट वाचून होईपर्यंत त्यांच्या घरचे लेकरू कुणाच्या मांडीवर होते.