सकपाळ सरांचा पूर्ण पत्ता

‘कुठले तुम्ही?’ या सकपाळ सरांच्या प्रश्नातून अर्ध्या मिनिटात सुटलेला माणूस अख्ख्या महाडात नाही. ‘पोलादपूरचा,’ म्हटलं की सर चष्मा वर सारत. ‘तो तालुका झाला. गाव? वाडी? वाडीतलं कितवं घर?’ एका पाहुण्याने वैतागून परसातल्या फणसापर्यंत पत्ता सांगितला, तेव्हा सर म्हणाले, ‘आता कसं, माणूस सापडला.’

वर त्यांचा कॉम्प्युटर क्लास, खाली माझं टायपिंग. फ्लॉपीच्या त्या काळात सरांनी उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीची वेबसाइट केली. घरटी एक पान, पानावर घराचा फोटो. मुंबईकरांनी तिथे सायबर कॅफेत बसून आपलं अंगण बघावं, ही योजना.

दर बाजाराला वाडीतली सखूआत्ते जिना चढून येई आणि सरांना विचारी, ‘शिवा, आमच्या पांड्यानं माजं घर बगितलंन काय रे?’ तिचा मुलगा पांडू मुंबईला गेल्याला दोन शिमगे उलटले होते.

सर खोटं बोलत नसत. ‘कुणीतरी कुठलंतरी घर बघितलंय, आत्ते. कुठलं ते सर्व्हर सांगत नाय.’

‘तुजा सर्व्हर तलाठ्यासारकाच हाय मेला.’

भानगड अशी, की पानाचं नाव सगळ्या घरांना एकच. घराचा नंबर वेबसाइटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे. कुणी कुठलं पान बघितलं हे टिपणारा सरांचा प्रोग्राम नेमका प्रश्नचिन्हापाशी थांबून नोंद करी. म्हणजे जगाला घरापर्यंत फरफटत नेणारा हा गृहस्थ स्वतः वेशीवरच अडकलेला. मी हे त्यांना ऐकवलं. दोन दिवस सर खाली फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी साइटचं नाव, पानाचं नाव आणि प्रश्नचिन्हापुढचं शेपूट सर्व्हरकडून वेगवेगळं मागून घेतलं आणि सांधलं. यादीत पूर्ण पत्ते उतरू लागले. सर रोज यादी छापून तिच्यावरून बोट फिरवत. सगळ्या घरांना कुणी ना कुणी भेट देऊन गेलं. नऊ नंबरला नाही. नऊ म्हणजे सखूआत्ते.

बाजाराच्या दिवशी मी वरच होतो. जिन्यातून आवाज आला, ‘शिवा, हाइस का रे?’

सरांनी घाईने अख्खा पत्ता टाइप केला, शेवटी नऊ. फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरू लागला. कौलं, पडवी, तुळस दिसेपर्यंत सर हलले नाहीत.

आत्ते दारात उभी राहिली.

‘बघितलं गो आत्ते,’ सर म्हणाले. ‘आत्ताच बघितलं.’

कुणी, ते तिने विचारलं नाही. टोपली खाली ठेवून पदराने तोंड पुसलं.

‘पडवी सारवायची ऱ्हायलीय रे. ती नाय ना दिसली?’