दंडघेर साडेसात

दुःखाला शिस्त लागते. ती वेळेवर लागली नाही तर दुःख घरभर पसरतं आणि शेजाऱ्यांना दिसू लागतं.

इस्पितळातून कमलाक्षी गेल्याचा फोन आला, तेव्हा नरहरी दुकानात शाळेच्या गणवेशाचं कापड कापत होता. त्याने कापणं पुरं केलं, कात्री जागेवर ठेवली आणि शटर ओढलं. चौदाव्या दिवशी शटर पुन्हा वर गेलं. समाजाने याचं कौतुक केलं. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, सिंचनाने मात्र मुदत पाळली नाही. ती आईच्या चटईवर झोपे, शाळेत जात नसे, विचारलं तर उत्तर देत नसे. एकदा तिने ताट भिरकावलं. (ताट रिकामं होतं, पण आवाज तीन घरांपर्यंत गेला.)

"अय्यो, सहा महिने झाले की रे!" नरहरीची थोरली बहीण नागरत्ना म्हणाली. "आपली आई गेली तेव्हा मी पंधराव्या दिवशी शाळेत गेले होते."

"अक्का, तू चार वर्षांची होतीस."

"मग? तरी गेले की नाही?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून नरहरी शहराच्या गोकुलम भागात 'अरण्यबोध' संस्थेच्या कार्यालयात गेला. संस्था बिघडलेल्या मुलांना परदेशातल्या एका वाळवंटी रानात चौऱ्याऐंशी दिवस ठेवते आणि सुधारून परत देते. परदेशी माणसं मनःशांतीसाठी गोकुलमच्या योगशाळांत येतात. तेव्हा आपल्या मुलांनी त्यासाठी परदेशात जावं, हे न्यायाचंच झालं. रानच हवं तर बंडीपूर जवळ आहे, असं नरहरीने सुचवून पाहिलं. पण बंडीपुरात एक दोष आहे. तिथून मूल बसने घरी येऊ शकतं.

समुपदेशक सौम्याने एक तक्ता भरून घेतला. त्यात बिघडल्याची एकेचाळीस लक्षणं होती. (जास्त झोपणं सातवं, कमी झोपणं आठवं.) पंधरा जुळली की मूल पात्र ठरतं, सिंचनाची सव्वीस जुळली. 'आई वारली' हे लक्षण नव्हतं, ते सौम्याने 'इतर' या सदरात 'घरातील किरकोळ बदल' असं लिहिलं. पालकांचं समाधान सत्त्याण्णव टक्के असल्याचं भिंतीवर लावलं होतं. मुलांना विचारलेलं नव्हतं. गणवेश कसा झाला, हे कापडाला कोण विचारतं?

नरहरीने सही केली. मुलीला आधी सांगायचं नाही असा नियम होता, कारण सांगितलेलं मूल प्रश्न विचारतं. संस्थेची दोन माणसं आली आणि आत्याकडे नेतो म्हणून तिला गाडीत बसवून घेऊन गेली. बॅग नरहरीने स्वतः भरली होती. दोन सलवार-कमीज नवे शिवले होते, अंगाबरोबर.

पालकांसाठी एक पुस्तिका मिळाली. मूल पत्रात भूक, थंडी आणि मार यांविषयी लिहील, असं तिच्यात आधीच छापलं होतं. या तिन्ही तक्रारी म्हणजे सुधारणेच्या तीन पायऱ्या आहेत. उत्तरादाखल पालकांनी एकच वाक्य पाठवायचं: 'आमचा तुझ्यावर विश्वास आहे, तुझ्या तक्रारींवर नाही.' नरहरीने ते सुवाच्य अक्षरात तीनदा लिहिलं.

सिंचनाचं पहिलं पत्र आलं: 'अप्पा, मला ने. इथे पोटभर देत नाहीत.' त्यावर शिक्का होता, 'सुधारणा सुरू'. दुसरं: 'अप्पा, ने.' शिक्का, 'सुधारणा समाधानकारक'. तिसऱ्यात होतं, 'मी आनंदात आहे. सर्वजण प्रेमळ आहेत.' शिक्का, 'उत्तम'. नागरत्नाने ते चार घरी वाचून दाखवलं. दोन घरांनी कार्यालयाचा पत्ता घेतला.

घोटाळा झाला तो लग्नामुळे. नागरत्नाच्या मुलीचं, अमूल्याचं लग्न ठरलं आणि सिंचनासाठी ब्लाउज शिवायला नरहरीने तिची मापं मागवली. मापं ही तक्रार नव्हे, त्यामुळे ती कोणी अडवली नाहीत. संस्थेने उलट तत्परतेने पाठवली.

छाती एकोणतीस. कंबर तेवीस. दंडघेर साडेसात.

निघताना दंडघेर दहा होता. नरहरीला वाटलं, तिकडची टेप वेगळी असेल. मग त्याने आपली टेप साडेसातावर धरून गोल केली आणि त्या गोलाकडे बघत बसला. तीस वर्षांच्या धंद्यात एवढ्या थोड्या दिवसांत इतका उतरलेला दंड त्याने एकदाच मापला होता. कमलाक्षीच्या शेवटच्या महिन्यात.

तो गोकुलमला सौम्याकडे गेला. "अम्मा, माझी पोरगी परत द्या."

"सार, ती फिट झालीय," सौम्या हसून म्हणाली. "सगळे अप्पा असेच घाबरतात."

"फिट कपडा होतो. पोरगी वाळलीय."

सौम्याने करारातलं सोळावं कलम दाखवलं. शिबिर चालू असताना पालकत्व शिबिरप्रमुखाकडे असतं. पालकाने मूल मध्येच मागितलं, तर घर अजून मुलाला घेण्यास तयार नाही असं समजून मुक्काम अठ्ठावीस दिवसांनी वाढतो.

"मी मागितलंच नाही समजा."

"नोंद झाली, सार."

पोलीस ठाण्यात त्याला सही दाखवण्यात आली. ती त्याचीच होती. गुन्हा परदेशात, कागद इथे, आणि कागद चोख. दूतावासाला मेल पाठवली. मेल मिळाल्याची मेल आली. पासपोर्टसाठी अर्ज केला, तर चौकशीला घरी आलेल्या हवालदाराने चहा घेतला आणि आपुलकीने विचारलं, "पण मुलीने केलं काय होतं हो?"

हा प्रश्न योग्यच आहे. ठाण्यात तो विचारला गेला, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, आणि वाचकहो, ताट भिरकावल्याचं वाचलंत तेव्हा तुम्हीही मनात म्हणालात की पोरगी जराशी हाताबाहेर गेलीच होती. एवढी सहमती असल्यावर संस्था काही चुकीचं करते असं म्हणता येत नाही.

आज सिंचनाच्या मुक्कामाचा एकशे सहावा दिवस आहे. नरहरीचा पासपोर्ट अजून आलेला नाही. सिंचनाला आणायला अजून कोणी गेलेलं नाही.