माल नापास शे

“याले काहीच माहीत नही! कोरा शे हाऊ, कोरा!”

नानांचा आवाज वरच्या मजल्यावरून आला तेव्हा मी दाढी करत होतो. हनुवटीवरची खूण अजून आहे. या आवाजाने रस्त्यावरच्या गाडीतली हिरवी केळी संध्याकाळपर्यंत पिवळी होतात, असं मी पाहुण्यांना सांगतो. जळगावचा पाहुणा असेल तर त्याला खोटं वाटत नाही.

नाना मूळचे शिंदखेड्याचे. सगळी नोकरी वरणगावला कारखान्यात, तपासणी खात्यात. निवृत्तीनंतर माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या घरात. एरवी शुद्ध बोलतात, पारा चढला की अहिराणी. म्हणजे शुद्ध मी फारसं ऐकलेलं नाही.

कारखान्यात नापास मालाला लाल चिठ्ठी लावत. कारण लिहायचं, खाली सही. ती चिठ्ठी नानांनी घरी आणली. खिशात लाल कागदाचे तुकडे कायम. भरताची वांगी, दूधवाल्याचं माप, गल्लीतला गतिरोधक, कोणी सुटलं नाही. माझ्या नव्या स्कूटरला चिठ्ठी होती: ‘हॉर्न लाजतो.’ स्वतःच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला म्हणून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. हे मला काकूंनीच सांगितलं. काकू म्हणजे नानांची बायको. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

तर, वर गेलो. कॉम्प्युटरच्या काचेवर लाल चिठ्ठी डकवलेली.

घडलं होतं ते असं. नानांचा मुलगा प्रशांत पुण्यात एका कंपनीत आहे. त्यांनी नवा ब्राउझर बनवलाय, अजून बीटा, म्हणजे कच्चा माल. प्रशांतने तो नानांकडे ठेवलेल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर पुण्याहूनच चढवून वडिलांना कळवलं, “नाना, वापरून बघा, मोकळेपणाने सांगा.” शेवटचे दोन शब्द त्याने टाळायला हवे होते.

नानांनी चाळीस टॅब उघडले आणि वायर उपटली. पुन्हा लावल्यावर एकोणचाळीस परत आले. “एक कोठे गया?” म्हणून तासभर चौकशी. अभिप्रायाच्या पानावर पाच हसरे-रडके चेहरे होते, तपासनीसाच्या सहीला जागा नव्हती. हा दुसरा दोष. असे सव्वीस दोष वहीत उतरले होते.

“नाना, पोरगा तुमचा आहे,” मी म्हणालो.

“पोऱ्या मना शे, पन माल नापास शे.”

“अहो, पण हा फार जलद आहे. तुमचा जुना ब्राउझर तर पान उघडेपर्यंत चहा उकळतो. बँकेची साइटसुद्धा आता त्याला आत घेत नाही. जुना काढून टाकू, मशीन हलकं होईल.” आणि मी माउस ‘काढून टाका’वर नेला.

नानांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच न ओरडता.

“थांब. आधी तपासणी.”

त्यांनी नवा ब्राउझर उघडला आणि एका बोटाने ‘ब’ दाबला. काही नाही. ‘नव्याने सुरुवात करा’ एवढंच.

मग जुना उघडला. तो कण्हत उघडला. ‘ब’. खाली यादी आली.

बिबडे कापडाला चिकटले तर काय करावे
बिबड्यांना जिरे कधी घालतात
बहिऱ्या नवऱ्याशी न ओरडता कसे बोलावे
बरेच दिवस खालच्यांकडे राहिलेले डबे परत कसे मागावे

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, ते काकूच करत. चौथी ओळ वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं. डबे अजून माझ्याकडेच आहेत.

“रोज एकदा ‘ब’ दाबतो,” नाना म्हणाले. “पुढं काही लिहीत नाही.” मग नव्या ब्राउझरकडे बोट केलं. “याले ती माहीतच नही.”

तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. नानांना कमी ऐकू येतं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

“काय नाना, पास का?”

“नापास. सत्तावीस दोष.”

सत्ताविसावा त्यांनी सांगितला नसता. मीच सांगितला, ‘ब’पासून बिबड्यांपर्यंत. डबे तेवढे वगळले.

मग प्रशांत म्हणाला, “जुनी यादी नव्यात आणता येते, नाना. एक बटण आहे.”

“आणताना सांडली तर? बटण तू तपासलंस?”

“तपासलं आहे.”

“स्वतःच्या यादीवर?”

“नाही,” प्रशांत म्हणाला. “त्या मशीनवर माझंच खातं आहे, म्हणून तिथली यादी इकडेही येते. इथे ‘ब’ दाबला की मलाही बिबडेच येतात. मी पण जुनाच वापरतो.”