ज्याचा त्याचा कोठा

शेवंतामावशी कुणाच्याही घरी आली की आधी बसत नाही, हुंगते. गल्लीत कुणाला दिवस गेले की तिचं नाक कामाला लागतं. युसूफ वडगाव या गावच्या शाळेत बदली होऊन मी आले तेव्हा मला तिसरा महिना होता. पहिल्याच दिवशी ही शेजारीण सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि सासूबाईंनी पाठवलेल्या आसवाच्या बाटलीचं बूच काढून तिनं नाकाला लावलं.

"ह्येच्यात हाय," असं म्हणून तिनं बाटली मोरीत उपडी केली.

"अहो मावशी, औषध आहे ते!"

"आसंना का. दारूचा वास मला कळतो."

सासूबाईंना आता काय सांगायचं, याचाच मी विचार करू लागले.

मावशीच्या पायाला भिंगरीच. शेंगा फोडायला बसली तरी अर्ध्यावर उठते. माझ्या डोहाळजेवणात तिनं सरबताचा पेला न् पेला हुंगला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिची थोरली जाऊ तर उघडच म्हणाली, "आगं, ऊसतोडीला आस्ताना मी बी घोट घोट घ्यायचे. माझा फौजदार झाला की."

"ज्याचा त्याचा कोठा, अक्का," मावशी म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य. "तुला जिरली. हिला जिरंल कशावरून?"

मावशीचा सुदाम तिशीचा आहे. अंगानं लहानखुरा, स्वभावानं गोड, पण मीठ आणायला पाठवलं तर काय आणायचं ते आठवत चौकात उभा राहतो.

सातव्या महिन्यात एका दुपारी मला राहवेना. आसवाची ती बाटली उपडी व्हायच्या आधी मी त्यातले दोन-चार चमचे घेतले होते. मावशीला सांगितलं आणि रडू फुटलं. मावशी चक्क माझ्याजवळ खाली बसली.

"उद्या बीडला डॉक्टरला इचारू. मी येते संगं," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सुदामच्या येळी उसाच्या फडावर थंडीनं कंबर धरायची. अक्कानं वाटीत वतून दिली. तिला काय झालं नव्हतं ना, म्हणून. मग मी रोजच घेऊ लागले."

पुढं सुदामला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की दारू प्रत्येक बाईच्या अंगात सारखी जिरत नाही. काहींच्या रक्तातच जन्मापासून फरक असतो. त्यात पोट उपाशी, अंग वाळलेलं, मग लेकराला जास्त बाधते. कुणाला किती बाधेल ते आधी कळत नाही, म्हणून घोटभरही नको.

"अक्कांना सांगितलंत हे?"

"न्हाई. मी चोरून लई पीत होते, आसंच सांगितलं समद्यांला."

"कावून पण?" 'का'साठी तिचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

"सुदामला रोज पयली भाकर अक्का वाढती. हे कळलं तर तिला घास गिळंल का? तिनं मायेनंच दिलती."

तेवढ्यात अक्का सुदामचं ताट घेऊन अंगणातून चालली होती. मला रडताना बघून दारात थांबली. "बाई, जपून ऱ्हावा. आमच्या शेवंतानं लेकराचा इचार न्हाई केला बगा तवा."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले. मावशीनं माझा हात घट्ट दाबला.

"व्हय अक्का," ती म्हणाली, "न्हाई केला. त्येला कालवण जास्त वाढ आज, सकाळपासून उपाशी हाय."