तालासच्या मामांचा लांबलेला आशीर्वाद

संगणकावर आयती सिस्टीम वापरणाऱ्यांची मला कीव येते. सगळं बिश्केक शहर अशाच लोकांनी भरलंय. मी तीन आठवडे खपून अकरा ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम पारखल्या. ज्यांत नुसतं 'पुढे' हे बटण दाबलं की काम होतं, त्या दहा बाद केल्या. उरलेल्या एकीत काहीही आयतं मिळत नाही. एकेक भाग हवा की नको, ते आपल्या हाताने लिहायचं. मी बहुतेक सगळ्यापुढे 'नको' लिहिलं.

"एवढं करून मिळालं काय?" माझी बायको जिबेक म्हणाली.

"संगणक चाळीसऐवजी सहा सेकंदांत चालू होतो."

"मग वाचलेल्या चौतीस सेकंदांत काय करता?"

अडाण्यांशी मी वाद घालत नाही.

पुढच्याच रविवारी सासूबाईंची सत्तरी होती. त्यांचे थोरले भाऊ, नव्वदीचे मामा, दूर तालास गावी अंथरुणाला खिळलेले. सासूबाईंना बाकी काही नको होतं, फक्त दादाचा आशीर्वाद कानांनी ऐकायचा होता. तो मिळाल्याशिवाय मटणाला कोण हात लावणार? "फोनवरच घेऊ," असं मेव्हणा एसेन म्हणाला. टीचभर फोनवर आशीर्वाद? मी माझा संगणक आणि प्रोजेक्टर आणून, व्हिडिओ कॉल लावून भिंतीवर हे एवढे मोठे मामा उमटवले. साठ पाहुणे बघत राहिले. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

मामांनी दोन्ही तळवे उघडे धरले. साठ जणांनीही धरले. मामांचे ओठ हलू लागले आणि आवाज काही येईना.

"जावईबापू, आवाज?" एसेन कुजबुजला.

तेव्हा मला आठवलं. ध्वनीपुढेही मी 'नको' लिहिलं होतं.

"बसवावा लागेल," मी म्हणालो. "अडीच तास."

"गप्प बसा आता. मामांना मध्येच तोडू नका."

थोरल्यांचा आशीर्वाद चालू असताना हात खाली घेण्याची आमच्यात कुणाची छाती नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मामा बोलतच होते. "दादा किती भरभरून देतोय," म्हणून सासूबाईंचे डोळे भरून आले. ताटातल्या बेशबरमाकवर, म्हणजे मटण-शेवयांवर, चरबीचा पांढरा थर जमला. माझे खांदे भरून आले होते आणि एसेन माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की ताटातलं मानाचं मेंढराचं डोकं त्यापेक्षा प्रेमळ वाटावं.

अर्ध्या तासाने सासूबाईंचा फोन वाजू लागला. हात कोण खाली घेणार? तो वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी जिबेकने भिंतीकडे नीट पाहिलं. मामांच्या सुनेने त्यांच्या कानाला फोन धरला होता.

"आई, मामाच फोन करताहेत!"

जिबेकने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बुरुल, अगं आशीर्वाद दोन मिनिटांतच संपला," मामा करवादले. "तेव्हापासून विचारतोय, जेवत का नाही? तुम्ही कुणी हात खाली घेत नाही, म्हणून मीही तसेच धरून ठेवलेत. खांदे गेले माझे."

"दादा, मला एक शब्दही ऐकू आला नाही रे," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मामांनी फोनवर पुन्हा आशीर्वाद दिला. "बुरुल, तुझं घर भरलेलं राहो. लेकरं तुझ्याजवळ राहोत. आणि तुझ्या त्या जावयाला देव थोडी अक्कल देवो."

"ओमीन," तथास्तु म्हणावं तसं साठ जण एका सुरात म्हणाले. जिबेकचा सूर सगळ्यांत वर होता.

थोरल्यांचा आशीर्वाद नाकारता येत नाही. मीही रीतीप्रमाणे तोंडावरून हात फिरवला आणि ओमीन म्हणालो.