कलम एकशेचोवीस-अ आणि आमची रुख्मा

तुरुंगात जायचं मी पक्कं ठरवलं होतं! साल एकोणीसशे तीस. आमचा चुलतभाऊ बकाराम जंगल सत्याग्रहात सरकारी गवत कापून तुरुंगात गेला आणि परतल्यापासून अख्ख्या गोंदियात त्याला बसायला खुर्ची मिळू लागली. मी तर शिकलेला माणूस, भातगिरणीतला मुनीम! गवत कशाला कापू? मी थेट राजद्रोहच करणार होतो. कलम एकशेचोवीस-अ : सरकारविषयी अप्रीती पसरवणे. वकिलाला विचारून पाठ केलं होतं.

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या बाजारात एका उलट्या टोपलीवर उभा राहिलो आणि गरजलो, "बंधुभगिनींनो! या परकीय सत्तेच्या शृंखला छिन्नविच्छिन्न करण्यास सिद्ध व्हा!"

बंधुभगिनी वांगी निवडत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "दवाई विकून राह्यला वाटते."

शेवटी मीच पोलीस जमादार ईश्वरदासला हाक मारली. तो उत्तरेकडचा, मराठीशी त्याची दुरून ओळख. "जमादार, लिहून घ्या! हा राजद्रोह आहे!"

त्यानं कागद काढला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भैया, इतना लंबा नहीं लिखा जाएगा. छोटा बोलो."

"मी अप्रीती पसरवतोय! अप्रीती!"

"अप्रीती? मतलब, प्रीत नहीं रही?" त्याचा चेहरा एकदम बापासारखा मऊ झाला. "मियां-बीवी का झगड़ा है! तो चौक में काहे चिल्लाते हो? बीवी कहाँ है?"

मी डोक्याला हात लावला. पण बाजार कसा गप्प बसेल! दहा बोटं एकाच दिशेला गेली. तिकडे माझी बायको रुख्मा उकडलेले शिंगाडे विकत होती. जमादार तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसला, समजूत घालू लागला आणि घालता घालता टोपलीतले शिंगाडे सोलू लागला. समजूत लांबली. टोपली रिकामी होत चालली.

"काऊन खाऊन राह्यले जी?" रुख्मानं विचारलं.

"सरकारी काम चालू है, बाई."

झालं! रुख्मा उभी राहिली. तिचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत जातो. "फुकट खाते ते सरकार चोर! असं सरकार बुडवा! हाकला याले!"

बाजार थांबला. मग कोणीतरी ओरडलं, "हाकला!" आणि वांगी निवडणारे सगळे बंधुभगिनी ओरडू लागले!

जमादारानं तोंडातला शिंगाडा गिळला आणि एका दमात सगळं लिहून घेतलं. वाक्यं छोटी होती.

खटला उभा राहिला, तो रुख्मावर! तिला सोडवायचंच, म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यातून मी म्हणालो, "हुजूर, ही घरात मलाच सरकार म्हणते. हा घरगुती राग आहे!"

मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "बाई, खरं का हे?"

रुख्मानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यायले? सरकार? यायच्यासाठी तं घरची मांजर बी चुलीपासून उठत नाही!"

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटही मिशीत हसला. "माफी मागा, सोडून देतो."

"आधी त्या जमादारानं मागावी! मी त्या सरकारालेच म्हटलं. अजून म्हणीन!"

चार महिने! पोलिसांच्या गाडीत ती ताठ मानेनं चढली. मी मात्र गाडीचं दार धरून उभा राहिलो, आणि तो अभिमान होता की भीती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "मीपण राजद्रोह केलाय!" असं मी मोठ्यानं सांगून पाहिलं. शिपायानं मला बाजूला केलं आणि दार लावलं.

महिन्याभरानं नागपूरच्या तुरुंगात तिला भेटायला गेलो. फाटकावरच्या कारकुनानं विचारलं, "कोण तुम्ही?"

"राजबंदी रुख्माबाईंचा नवरा."

कारकून चक्क उठून उभा राहिला! अदबीनं म्हणाला, "असं? मग आपण काय करता?"

"सध्या भात."

"जमतो?"

"करपतो!"