गुणाजी तरसाचं दुखणं आणि विजयेचे थेंब

एका जंगलात एक झुडूप होतं, बाळांनो, आणि त्या एकाच झुडपाला दोन नावं होती. गांजा म्हटलं की शिपाई धावत येत. विजया म्हटलं की वैद्यमंडळी आदरानं मान डोलवत. झुडपाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते आपलं ओढ्याकाठी वाढत होतं.

त्या जंगलात गुणाजी नावाचा एक तरस राहायचा. तरुणपणी त्याचा मागचा पाय शिकाऱ्याच्या फासात अडकला होता. पुढे पाय सुटला, जखम भरली, वर केसही उगवले. पण आतलं दुखणं काही गेलं नाही.

"कुणीतरी आत निखारा ठेवलाय आणि फुंकर मारत बसलंय," असं तो बायकोला सांगायचा.

त्याची झोप उडाली. मग भूक गेली. मग बोलणंही कमी झालं. त्याची बायको भागूबाई त्याच्यासाठी मऊ मऊ घास शोधून आणायची, आणि तो तोंड फिरवायचा.

त्यातही एक पंचाईत होती. तरस वेदनेनं ओरडला तरी ऐकणाऱ्याला तो हसतोय असंच वाटतं. त्यामुळे गुणाजी कळवळला की शेजारीपाजारी म्हणत, "गुणाजीराव बाकी मजेत असतात हं!"

जंगलात साळूताई नावाच्या साळिंदर डॉक्टर होत्या. त्यांनी साली उगाळून दिल्या, पाला बांधला, शेक दिला. कशानंच उतार पडेना. शेवटी त्या म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, आता विजया देऊन बघू या."

भागूबाई दचकली. "म्हणजे ते? माकडं ओढतात ते?"

"झुडूप तेच. पण ओढायचं नाही. धूर लगेच लागतो हे खरं, पण छातीचं नुकसान करतो. काही जण खाण्यातून घेतात. ते फार उशिरा लागतं आणि लागलं की लवकर उतरत नाही. लेप लावला तर त्याचं काम बहुतेक कातडीपुरतं. मी तेलाचे थेंब देईन, जिभेखाली धरायचे. अगदी कमी घेऊन सुरुवात करायची. घेतल्यावर कड्याकपाऱ्यात फिरायचं नाही. मला न विचारता वाढवायचं नाही."

"मग पाय बरा होईल?"

"नाही. पाय असाच राहील. दुखणं थोडं मागं सरकेल. कदाचित सरकणारही नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण बाकी सगळं करून झालंय."

भागूबाईला हे पटलं. खडखडीत बरं करतो म्हणणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

अडचण एवढीच होती की झुडपावर बंदी होती. एका होळीला माकडांनी त्याच झुडपाची भांग पिऊन महाराजांच्या गुहेवर शेण फेकलं होतं. सिंहमहाराजांनी त्याच दिवशी झुडपाला गुन्हेगार ठरवलं. माकडांना समज देऊन सोडून दिलं. मात्र महाराज दयाळू होते. खऱ्या रुग्णाला समितीच्या परवानगीनं औषध मिळेल, असं त्यांनी जाहीर केलं होतं. समितीचे अध्यक्ष रानडुक्कर होते. मोर आणि कासव सभासद होते.

गुणाजी लंगडत समितीपुढे गेला.

"कुठं दुखतं?" रानडुकरानं विचारलं.

"पायात, साहेब."

"दिसत तर नाही."

"दिसत नाही, साहेब. दुखतं."

तेवढ्यात पायातून कळ आली आणि गुणाजी जोरात ओरडला.

मोरानं पिसारा मिटला. "अहो, हे तर हसतायत! औषध घेण्याआधीच ही तऱ्हा!"

"तो हसत नाहीये हो," भागूबाई म्हणाली. "आमचा आवाजच तसा आहे."

"आवाजाबद्दल समितीला सहानुभूती आहे," रानडुक्कर म्हणालं. "पण घाई करून चालणार नाही. आधी सखोल अभ्यास व्हायला हवा."

अभ्यासाचं काम कासवाकडे दिलं गेलं. कासव ओढ्याच्या दिशेनं निघालं. समितीनं टाळ्या वाजवल्या.

भागूबाई वाट बघू लागली. गुणाजीच्या बरगड्या दिसू लागल्या.

याच काळात वडाखाली कोल्ह्यानं एक झकपक दुकान थाटलं. दारावर विजयेचं भलंमोठं पान रंगवलं होतं. आत विजया साबण, विजया शाम्पू, विजया तेल आणि सुरकुत्या घालवणारं विजया क्रीम होतं. गर्दी मावत नव्हती. मोर पिसांना तेल लावून घेत होता. रानडुक्कर गालांना क्रीम चोळत होतं. भागूबाईला पाहून ते जरा ओशाळलं.

"अध्यक्ष या नात्यानं स्वतः वापरून बघतोय," ते म्हणालं.

भागूबाईनं तेलाची कुपी हातात घेतली. "भाऊ, यात विजया किती आहे?"

"अजिबात नाही, वहिनी," कोल्हा छातीवर हात ठेवून म्हणाला. "असती तर परवानगी लागली असती."

भागूबाई कुपी ठेवून बाहेर आली. घरी गेली तेव्हा गुणाजी दगडावर डोकं आपटत होता. पायातलं दुखणं डोक्यात गेलं तर निदान जागा तरी बदलेल, असं तो म्हणाला.

मग भागूबाई टेकडीवरच्या हुप्प्या माकडाकडे गेली. त्याच्याकडे परवानगी नव्हती, पण माल होता. त्यानं पानात बांधून भांगेचा लाडू दिला.

"किती खायचा?"

"ज्याच्या त्याच्या हौसेवर आहे."

"यात किती घातलंय?"

"हाताला येईल तेवढं."

गुणाजीनं लाडवाचा छोटा तुकडा खाल्ला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. आणखी थोडा खाल्ला. तरी काही नाही. "हाही कोल्ह्याचाच भाऊ निघाला," असं म्हणून त्यानं उरलेला सगळा लाडू तोंडात टाकला.

बऱ्याच वेळानं आभाळ खाली यायला लागलं. छाती धडधडू लागली. स्वतःच्या सावलीला घाबरून गुणाजी पळत सुटला, तो थेट माळावर. तिथं एका खडकालाच सिंहमहाराज समजून त्याच्यापुढे लोळण घेऊन "महाराज, वाचवा" म्हणून तो जिवाच्या आकांतानं ओरडू लागला. लोक गोळा झाले. "काय हसतोय बघा!" म्हणाले. महाराजांच्या शिपाई रानकुत्र्यांनी येऊन त्याला पकडलं.

साळूताई धावत आल्या. त्यांनी त्याला सावलीत निजवलं, पाणी पाजलं आणि नशा उतरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिल्या. "गुणाजीभाऊ, मरत नाही तुम्ही. भीती वाटतेय, ती जाईल," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मग त्या भागूबाईकडे वळल्या. "खाल्लेलं उशिरा लागतं, हे सांगितलं होतं ना मी?"

"लक्षात होतं हो, ताई," भागूबाई रडत म्हणाली. "पण हुप्प्या थेंब विकत नाही."

साळूताईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

समिती मात्र त्याच दिवशी बसली. रुग्णाच्या बाबतीत अभ्यास लागतो. व्यसनी माणसाच्या बाबतीत लागत नाही. गुणाजीला एकमतानं व्यसनी ठरवण्यात आलं आणि व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्यात आलं. ते केंद्र महाराजांनी मोठ्या हौसेनं उघडलं होतं. थंडगार गुहा होती, मऊ गवताचं अंथरूण होतं. फक्त अजून कुणी व्यसनी मिळाला नव्हता. डॉक्टर म्हणून साळूताईंचीच नेमणूक झाली.

साळूताईंनी थोडा विचार केला. मग त्या रानडुकराला म्हणाल्या, "साहेब, व्यसन एकदम तोडलं तर शरीराला झेपत नाही. थोडं थोडं देत सोडवावं लागतं. जिभेखाली, थेंबाथेंबानं."

"मग द्या की."

"त्याला परवानगी लागेल ना?"

"व्यसनमुक्तीला कसली आलीय परवानगी?" रानडुक्कर म्हणालं. "ते तर समाजकार्य!"

अशा रीतीनं, बाळांनो, गुणाजीला त्याचं औषध मिळालं. सुरुवातीच्या थेंबांनी काहीच झालं नाही. साळूताईंनी अगदी सावकाश वाढवलं. आणि एका दुपारी भागूबाई पाहते तर काय, गुणाजी पाय लांब सोडून घोरत होता. ती त्याच्यावरच्या माश्या वारत बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

उठल्यावर त्यानं खायला मागितलं.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"दुखतंय," गुणाजी म्हणाला. "पण लांबून दुखतंय."

रानडुक्कर अधूनमधून चौकशीला यायचं. "सुटलं का व्यसन?"

"थोडं राहिलंय," साळूताई म्हणायच्या.

पण महाराजांच्या वाढदिवसाला काहीतरी यश दाखवणं भाग होतं. समितीनं गुणाजीला व्यसनमुक्त घोषित केलं. थेंब बंद झाले. माळावर सत्कार ठरला. गुणाजीच्या गळ्यात हार पडला आणि दोन शब्द बोलायला त्याला उभं करण्यात आलं. उभं राहताच पायात कळ उठली आणि तो ओरडला.

"बघा, व्यसनमुक्तीचा आनंद बघा!" मोर म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूताईंनी केंद्राचं दार उघडलं, तर बाहेर ही रांग! पोटात गाठ असलेली म्हातारी हरिणी होती, तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. अंग सारखं थरथरणारा लांडगा होता. नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन भागूबाई उभी होती.

"यांना पुन्हा लागलं व्यसन," ती म्हणाली. "कालच्या सत्कारापासून."

हरिणी पुढे आली. तिनं जन्मात गवताशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. तिनं शरमेनं मान खाली घातली आणि म्हणाली, "डॉक्टर, मी फार व्यसनी आहे हो."

"कसलं व्यसन, आजी?"

हरिणीनं आठवून पाहिलं. तिला काही सुचेना. "तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली.

चौकशीला आलेलं रानडुक्कर शेजारीच उभं होतं, ते हळहळलं. "काय हे! म्हातारी माणसंसुद्धा बिघडली!" असं म्हणून त्यानं केंद्राला आणखी एक गुहा मंजूर केली.

साळूताई वाकल्या आणि हरिणीच्या कानाशी लागून त्यांनी हळूच विचारलं, "कुठं दुखतं, आजी?"

तात्पर्य : औषध हवं असेल तर नुसतं आजारी असून भागत नाही, आधी नीट बिघडावं लागतं. सज्जन रुग्णांनी ही गोष्ट वेळेवर शिकून घ्यावी.